तिकिटांची आवक-जावक
तक्रारींचं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं कसं सांभाळतात

पाण्याचे पंप बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी डोळ्यांपुढे आणू. कारखाना कोल्हापूरला, विक्रेते साताऱ्यापासून बेळगावपर्यंत पसरलेले आणि गिऱ्हाईक बहुतेक शेतकरी. मोटर जळाली, वॉरंटीत बसत नाही असं सांगतात, महिना झाला सुटा भाग आला नाही, अशा तक्रारी रोज येतात. काही मेलवर, काही फोनवर, हल्ली बऱ्याचशा व्हॉट्सअ‍ॅपवर. सुरुवातीला सगळ्यांचा मिळून एक मेलबॉक्स असतो आणि त्याचा पासवर्ड पाच-सहा जणांना माहीत असतो. मग एका मेलला दोघं उत्तर देतात, तीही दोन वेगळी. दुसऱ्या मेलला कुणीच देत नाही, कारण कुणीतरी तो उघडून पाहिलेला असतो, आणि उघडलेला मेल ‘झालेला’ वाटतो. विक्रेत्याचा फोन येतो, “अहो, परवाच मेल टाकलाय की!” आणि इकडे कुणाला पत्ताच नसतो. अशा दोन-चार वादावाद्या झाल्या की कंपनी तिकीट-प्रणाली घेते.

कल्पना जुनीच आहे. सरकारी कचेरीत आवक-जावक नोंदवही असते. कागद आला की त्यावर क्रमांक आणि तारीख पडते, तो कुणाच्या टेबलावर गेला आणि उत्तर कधी निघालं याची नोंद होते. तिकीट-प्रणाली नेमकं हेच करते. पण वही कपाटात ठेवली तर वीस वर्षांनीही उघडून वाचता येते. सॉफ्टवेअरचं तसं नाही. ते मेल पुरवणाऱ्या कंपनीवर, टेलिकॉमच्या नियमांवर, डोमेनच्या नोंदींवर आणि डझनभर मुदतींवर टेकलेलं असतं. आत कुणी एक अक्षर न बदलताही ते बंद पडू शकतं. आणि बंद पडतं तेव्हा बोंब होत नाही. तक्रारी फक्त येईनाशा होतात, आणि महिन्याच्या अहवालात ती आनंदाची बातमी म्हणून छापली जाते. अ‍ॅडमिनच्या कामाचा मोठा भाग या शांततेवर अविश्वास दाखवण्याचा आहे.

उदाहरणासाठी ‘ओटीआरएस’ घेऊ. मार्टिन एडनहोफर या जर्मन प्रोग्रॅमरने २००१ मध्ये पर्ल भाषेत सुरू केलेली ही मुक्त प्रणाली जगभर पसरली. तिची फुकट मिळणारी आवृत्ती मूळ कंपनीने २०२० च्या अखेरीस थांबवली. तोच कोड पुढे ‘झ्नूनी’ या नावाने दुसऱ्या मंडळींनी चालू ठेवला आहे. खुद्द एडनहोफर त्याआधीच बाहेर पडले होते, आणि २०१६ मध्ये त्यांची ‘झॅमॅड’ ही नवी प्रणाली आली. बाजारात विकत मिळणाऱ्या प्रणाल्या पुष्कळ आहेत, पण आतली यंत्रणा सगळीकडे जवळपास सारखीच. ओटीआरएस-झ्नूनीची सोय अशी की ती उघडून बघता येते.

आता एका मेलचा प्रवास पाहू. कराडच्या विक्रेत्याने तक्रार पाठवली. ती आधी कंपनीच्या मेल-सर्व्हरवर येऊन पडते. तिकीट-प्रणालीतला एक पार्श्वभूमीवर चालणारा प्रोग्रॅम, मूळ मांडणीत दर दहा मिनिटांनी, त्या मेलबॉक्समध्ये डोकावतो, आलेले मेल उचलतो आणि सर्व्हरवरून पुसून टाकतो. मग प्रत्येक मेलच्या विषयात तिकीट क्रमांक आहे का ते पाहतो. नसेल तर नवा क्रमांक देतो, कोणत्या रांगेत टाकायचं ते ठरवतो आणि विक्रेत्याला पोच पाठवतो.

क्रमांक सोळा आकडी असतो. पहिले आठ आकडे तारखेचे, पुढचे दोन त्या स्थापनेच्या ओळखीचे, मग चालू अनुक्रम आणि शेवटी एक पडताळणीचा आकडा. विक्रेता पोचेला उत्तर म्हणून पुढचा मेल लिहितो तेव्हा विषयात हा क्रमांक आपोआप राहतो आणि मेल जुन्या तिकिटाला जाऊन चिकटतो. मधले ते दोन आकडे फार महत्त्वाचे. सर्व्हर बदलताना एखादा उत्साही माणूस नवी स्थापना म्हणून नवी ओळख घालतो, आणि दुसऱ्या दिवसापासून जुन्या तिकिटांची उत्तरं नवी तिकिटं बनून येऊ लागतात. क्रमांक समोर लिहिलेला असतो, पण प्रणाली तो आपला मानत नाही. त्यासाठीची तपासणी बंद करता येते, पण ते माहीत असावं लागतं. ओळख एकदा घातली की तिला हात लावू नये, हे उत्तम.

विषयात क्रमांक नसला तरी दुसरी एक खूण असते. प्रत्येक मेलला स्वतःचा अद्वितीय आयडी असतो, आणि उत्तरादाखल आलेल्या मेलच्या शीर्षभागात मूळ मेलचा आयडी नोंदलेला असतो. तो वापरून धागा जोडण्याची सोय बहुतेक प्रणालींमध्ये आहे. पण गिऱ्हाईक जुनाच मेल उघडून, ‘उत्तर द्या’ दाबून, सर्वस्वी नवी तक्रार लिहितो, तेव्हा हीच सोय घोटाळा करते. गेल्या वर्षी बंद झालेलं तिकीट अचानक जिवंत होतं आणि आत भलत्याच पंपाची हकिगत असते. यावर यांत्रिक उपाय नाही. अमुक दिवसांनंतर बंद तिकिटावर उत्तर आलं तर नवं तिकीट काढायचं, असा नियम लावतात आणि उरलेलं माणसाच्या नजरेवर सोडतात.

मेल उचलण्याच्या टप्प्यावरच एक खड्डा आहे, जो वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही. ओटीआरएस सहाव्या आवृत्तीत एका मेलची कमाल मर्यादा मुळात १६ एमबी ठेवलेली आहे. विक्रेता जळालेल्या मोटरचा फोनवर काढलेला १३ एमबीचा व्हिडिओ जोडतो. मेलमध्ये जोडपत्र जाताना त्याचं मजकुरात रूपांतर होतं आणि आकार साधारण एक तृतीयांशाने वाढतो. १३ चे १७ होतात. जीमेल २५ एमबीपर्यंत जोडू देत असल्यामुळे पाठवणाऱ्याच्या दृष्टीने मेल गेला. कंपनीच्या सर्व्हरनेही तो स्वीकारला, म्हणून परतही आला नाही. तिकीट-प्रणाली मात्र दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघते, ‘फार मोठा’ अशी ओळ लॉगमध्ये लिहिते आणि पुढे जाते. तिकीट निघत नाही, पोच जात नाही. मेलबॉक्स रिकामा असायला हवा आणि त्यात काही साठलेलं दिसतंय का, हे आठवड्यातून एकदा डोळ्यांनी पाहणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज.

पोच पाठवण्यातही एक जुना सापळा आहे. समोरच्याने ‘मी रजेवर आहे’ असं आपोआप जाणारं उत्तर लावलेलं असतं. आपली पोच गेली की त्याचं उत्तर येतं, त्याला पुन्हा आपली पोच, पुन्हा त्याचं उत्तर. दोन यंत्रं रात्रभर एकमेकांशी बोलत बसतात. यासाठी २००४ मध्ये आरएफसी ३८३४ हा दस्तऐवज आला. आपोआप जाणाऱ्या उत्तरावर तशी खूण असावी आणि अशी खूण असलेल्या मेलला पुन्हा आपोआप उत्तर देऊ नये, असं तो सांगतो. सगळे ते पाळत नाहीत, म्हणून ओटीआरएसने आणखी एक अडसर ठेवला आहे. एका पत्त्याला दिवसात ४० पेक्षा जास्त स्वयंचलित उत्तरं जात नाहीत. मला तरी ४० खूप वाटतात. पंप कंपनीत पाच पुरतील.

तिकीट निघालं की घड्याळ सुरू होतं. पहिलं उत्तर चार तासांत, निवारण तीन दिवसांत, असं काहीतरी कंपनीने ठरवलेलं असतं. हे तास कामाच्या वेळेतले धरायचे असतात, त्यामुळे कामाची वेळ आणि सुट्या प्रणालीला सांगाव्या लागतात. इथे सॉफ्टवेअरचं गाव कोणतं ते कळतं. मुळातल्या यादीत १ जानेवारी, १ मे आणि २४, २५, २६, ३१ डिसेंबर या सुट्या आहेत, आणि कामाचा आठवडा सोमवार ते शुक्रवार. कोल्हापुरात शनिवारी कारखाना चालू असतो, २४ डिसेंबरलाही चालू असतो, आणि प्रजासत्ताक दिन यादीत नाही. १ मे तेवढा योगायोगाने जुळतो. त्यांच्यासाठी कामगार दिन, आपल्यासाठी महाराष्ट्र दिनही.

तारखेने ठरलेल्या सुट्या एकदा घातल्या की झालं. पण गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दिवाळी, ईद यांच्या इंग्रजी तारखा दरवर्षी बदलतात आणि त्या दरवर्षी नव्याने घालाव्या लागतात. हे काम कुणाचंच नसतं. ज्याने प्रणाली बसवली त्याने पहिल्या दोन वर्षांच्या तारखा घातलेल्या असतात. तिसऱ्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सगळी तिकिटं मुदतीबाहेर जातात, व्यवस्थापकांच्या फोनवर इशाऱ्यांचा पाऊस पडतो, आणि असं एकदा झालं की लोक ते इशारे वाचणंच सोडून देतात. डिसेंबरात नवं कॅलेंडर भिंतीवर लागतं त्याच दिवशी तारखा घालायच्या, ही शिस्त ज्या कचेरीत आहे तिथे हा प्रश्न येत नाही.

घड्याळाचा दुसरा घोळ वेळ-विभागाचा. प्रणाली आतून सगळ्या वेळा जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये ठेवते, आणि ते योग्यच आहे. दाखवताना आणि कामाचे तास मोजताना मात्र भारतीय वेळ सांगावी लागते. ती सांगायची राहिली तर सकाळी १० ते संध्याकाळी ६ हे कामाचे तास यूटीसीप्रमाणे धरले जातात, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीन ते रात्री साडेअकरा. सकाळी दहाला आलेल्या तक्रारीचं घड्याळ साडेतीनपर्यंत हलतच नाही. अहवालात कंपनीची कामगिरी झकास दिसते, म्हणून तक्रार करायला कुणी येत नाही. आणि वर्षाने चूक कळल्यावर आतली मूळ वेळ बदलायला जावं, तर जुन्या सगळ्या नोंदी साडेपाच तासांनी सरकलेल्या दिसतात. बदलायचं ते दाखवण्याचं आणि मोजण्याचं, साठवण्याचं नव्हे.

आतापर्यंतचं सगळं आपल्या हातातलं होतं. बाहेरच्या जगाची गंमत वेगळी आहे.

मेल पाठवणारा खरंच त्या डोमेनचा आहे का, हे तपासायला तीन नोंदी लागतात. एसपीएफ सांगते की या डोमेनच्या नावाने कोणकोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकेआयएम मेलवर सही करते. आणि वरच्या दोन्ही तपासण्या फसल्या तर मेलचं काय करायचं, ते डीमार्क सांगते. पूर्वी या नोंदी असल्या तर बरं, अशी स्थिती होती. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी त्या सक्तीच्या केल्या. जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात, आणि लहान पाठवणाऱ्यांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी एक तरी हवीच. पंप कंपनीने त्या महिन्यात काहीही बदललेलं नव्हतं. तरी ज्यांच्याकडे दोन्ही नव्हत्या, त्यांच्या पोचपावत्या जीमेलवाल्या विक्रेत्यांपर्यंत पोचेनाशा झाल्या.

एसपीएफची एक खोड आहे. ती तपासताना मेल घेणारा सर्व्हर डोमेनच्या नोंदींमध्ये जास्तीत जास्त दहा वेळा शोध घेतो. त्यापुढे गेलं की पूर्ण नोंदच सदोष धरली जाते. कंपनीत कधी वृत्तपत्रिका पाठवणारी सेवा येते, कधी पगाराचं सॉफ्टवेअर, कधी विक्री विभागाची नवी प्रणाली. प्रत्येक जण ‘ही एक ओळ तुमच्या एसपीएफमध्ये घाला’ म्हणतो आणि एकेका ओळीच्या पोटात आणखी तीन-चार शोध असतात. मनुष्यबळ विभागाने आणलेल्या सेवेमुळे तक्रारींचे मेल अडकतात, आणि या दोहोंचा संबंध लावायला दोन दिवस जातात. बंद केलेल्या सेवांच्या ओळी वेळच्या वेळी काढल्या तर दहाची मर्यादा सहसा आड येत नाही. पण घालायला सगळे येतात, काढायला कोणी येत नाही.

मेल आत आणण्याची वाटही अशीच बदलली. मायक्रोसॉफ्टने १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्या व्यावसायिक मेलसेवेत साध्या नाव-पासवर्डाने मेल उचलणं बंद करायला घेतलं. त्याऐवजी ओऑथ ही टोकन-पद्धत लागते. झ्नूनीने तिची सोय केली. जे थांबलेल्या जुन्या ओटीआरएसवरच बसून होते, त्यांच्यापुढे पेच पडला. शिवाय या टोकन-पद्धतीत जी गुप्त किल्ली बनवावी लागते, तिला मायक्रोसॉफ्टच्या पोर्टलवर जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदत मिळते. म्हणजे ज्या दिवशी सगळं सुरळीत झालं, त्याच दिवशी दोन वर्षांनंतरच्या बंद पडण्याची तारीखही ठरली. वेबसाइटच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांची मुदत तर आकसतच चालली आहे. आधी ३९८ दिवस, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७. हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस संपले. ते आपोआप व्हावं लागेल, आणि आपोआप झालं की नाही हे कुणीतरी पाहावं लागेल.

या सगळ्यावर एक साधी युक्ती आहे, आणि ती ज्यांनी लावली नाही त्यांना मी हातातलं बाकी सगळं काम ठेवून आधी ती लावायला सांगेन. बाहेरच्या एका खात्यावरून, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरशी काही संबंध नसलेल्या पत्त्यावरून, दर तासाला एक मेल तक्रारीच्या पत्त्यावर आपोआप पाठवायचा. वीस मिनिटांत त्याचं तिकीट निघालं का आणि पोच परत त्या खात्यात आली का, एवढंच तपासायचं. ही तिकिटं वेगळ्या रांगेत पडून आपोआप बंद होतील असा नियम करायचा. पोच आली नाही तर इशारा द्यायचा, पण मेलने नाही. ज्या वाटेवर दरड कोसळली त्याच वाटेने निरोप कसा येणार? इशारा फोनवर जावा. (पोचेची मर्यादा पाचवर आणली असेल तर या खात्याला त्यातून वगळायला विसरू नये.)

याच्या जोडीला आवक मोजावी, पण हंगाम ओळखून. शेतीपंपाच्या तक्रारी फेब्रुवारी ते मे भरात असतात आणि पाऊस लागला की उतरतात. जुलैतला उतार खरा असतो. मार्चमधला उतार मात्र तपासायलाच हवा. कोणतंही तयार आकडेशास्त्र हे सांगत नाही, त्यासाठी कारखान्यातल्या सर्व्हिसवाल्याशी चहा प्यावा लागतो.

एसएमएसकडे वळू, कारण शेतकऱ्यापर्यंत अजूनही तोच पोचतो. टेलिकॉम नियामक ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमावलीनुसार एसएमएस पाठवणाऱ्या प्रत्येक संस्थेला टेलिकॉम कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी-व्यवस्थेत नाव घालावं लागतं. सहा अक्षरी शीर्षक नोंदवावं लागतं आणि पाठवायच्या प्रत्येक मजकुराचा साचाही मंजूर करून घ्यावा लागतो. बदलत्या मजकुराच्या जागा त्यात आधी दाखवायच्या. प्रत्यक्ष निरोप साच्याशी जुळला नाही तर तो वाटेतच गाळला जातो. ८ मार्च २०२१ ला ही गाळणी देशभर सुरू झाली तेव्हा बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवसांसाठी थांबवावी लागली. ऑक्टोबर २०२४ पासून निरोपातले दुवेही आधी नोंदवावे लागतात.

रोजच्या व्यवहारात याचा अर्थ असा: ग्राहक विभागातल्या कुणाला वाटलं की ‘आपली तक्रार’च्या आधी ‘नमस्कार’ घालावा, आणि त्याने तो प्रणालीत घातला, की त्या क्षणापासून एकही निरोप पोचत नाही. पाठवणाऱ्या पडद्यावर तरी ‘पाठवला’ असंच दिसतं, कारण मधल्या सेवेने तो स्वीकारलेला असतो. ‘पाठवला’ आणि ‘पोचला’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि दुसरी नोंद परत घेऊन तिकिटावर लिहून ठेवण्याची व्यवस्था अ‍ॅडमिनने मुद्दाम करावी लागते.

मराठीत एसएमएस पाठवणाऱ्याला आणखी एक गणित करावं लागतं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षरं सात बिटांची, म्हणून १६० बसतात. देवनागरी मजकूर सोळा बिटांच्या चिन्हांनी जातो, म्हणून ७०च बसतात. आणि चिन्ह म्हणजे आपण मोजतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षराच्या पोटातला हलन्त, सगळं वेगवेगळं धरलं जातं. ‘तंत्रज्ञ’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, नेटवर्कला आठ चिन्हांचा. ‘आपली तक्रार नोंदवली आहे. तंत्रज्ञ दोन दिवसांत येईल.’ एवढ्या मजकुराला मोकळ्या जागांसकट ५१ चिन्हं लागतात. उरली १९. एक मोकळी जागा आणि सोळा आकडी तिकीट क्रमांक घातला की ६८ झाली. आता कंपनीचं नाव घालायला जागा नाही. घातलं तर निरोप दोन भागांत जातो, आणि भाग जोडण्याची माहिती प्रत्येक भागात घालावी लागत असल्याने एका भागात ६७ चिन्हंच मावतात. पैसे दोन एसएमएसचे. लाखभर निरोपांवर हा हिशेब दुप्पट होतो.

इथे बसवतानाच विचार केला तर सुटका आहे. ओटीआरएसमध्ये तारखेचा लांब क्रमांक न वापरता साधा वाढता क्रमांकही निवडता येतो, सात-आठ आकड्यांचा. फोनवर शेतकऱ्याला सोळा आकडे वाचायला लावण्यापेक्षा तोच बरा.

व्हॉट्सअ‍ॅपवर नियम आणखी वेगळे आहेत. गिऱ्हाईकाने निरोप पाठवल्यापासून २४ तास मोकळेपणी लिहिता येतं. त्यानंतर फक्त आधी मंजूर झालेले साचे चालतात. पंप कंपनीची ‘तीन दिवसांत निवारण’ ही मुदत या खिडकीत बसत नाही, म्हणजे ‘भाग आला आहे, तंत्रज्ञ उद्या येईल’ हा निरोप साच्यातूनच जाणार. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर बसवायची जुनी व्यवस्था व्हॉट्सअ‍ॅपने ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद केली आणि आकारणीची पद्धतही त्याच वर्षी बदलली. याबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. हे वाचेपर्यंत आणखी काही बदललेलं असेल.

साठवणीचं बघू. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या जुन्या ‘यूटीएफ८’ प्रकारात एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी चिन्ह बरोबर तीन बाइटचं, म्हणून मराठी व्यवस्थित बसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. इमोजीला चार लागतात. जुन्या डेटाबेसवर मेलमध्ये हात जोडल्याचं चिन्ह आलं की डेटाबेसच्या मांडणीनुसार एकतर तिथून पुढचा मजकूर कापला जातो किंवा अख्खी नोंद नाकारली जाते. ‘नमस्कार’ लिहून हात जोडणाऱ्या सभ्य माणसाचीच तक्रार हरवते. उपाय म्हणजे ‘यूटीएफ८एमबी४’, पण लाखो तिकिटं साठल्यावर तो बदल करायला रात्र पुरत नाही, म्हणून तो लवकर करावा.

जोडपत्रं मुळात डेटाबेसच्याच आत साठतात. पाच वर्षांत जळालेल्या मोटरींच्या फोटोंनी तो फुगतो आणि रात्रीचा बॅकअप सकाळच्या कामावर येतो. ती बाहेर फाइलींमध्ये ठेवण्याची सोय आहे. मग बॅकअप दोन्हींचा आणि एकाच वेळचा घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट आहे पण फोटो नाही अशी गत. शिवाय त्या जोडपत्रांत मोटरीच असतात असं नाही. वॉरंटीसाठी, अनुदानासाठी शेतकरी आधार कार्डाचा फोटो पाठवतात, सातबारा पाठवतात, बँक पासबुकाचं पहिलं पान पाठवतात. काम संपलं की लोकांची वैयक्तिक माहिती बाळगून बसू नये, हे तत्त्व २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आहे. वॉरंटीची मुदत संपल्यावर अशी जोडपत्रं पुसण्याचा नियम आपोआप चालणाऱ्या कामांत लावता येतो. किती वर्षांनी पुसायचं हे मात्र अ‍ॅडमिनने ठरवू नये. लेखी घ्यावं.

माणसं बदलतात, त्याचीही देखभाल असते. ओटीआरएसमध्ये कर्मचाऱ्याचं खातं पुसता येत नाही, फक्त अवैध करता येतं. ते योग्यही आहे, कारण त्याने लिहिलेल्या उत्तरांवर त्याचं नाव राहायला हवं. पण खातं अवैध करण्याआधी त्याच्या नावावरची उघडी तिकिटं दुसऱ्याला द्यावी लागतात. नाहीतर ती एका गेलेल्या माणसाच्या नावावर अडकून राहतात. तयार उत्तरांचे साचे तर कुणी वाचतच नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तरी ‘व्हॅट वेगळा’ असं लिहिलेली तयार उत्तरं पुढे कित्येक महिने जाऊ शकतात, कारण पाठवणारा बटण दाबतो, मजकूर वाचत नाही. वर्षातून एकदा सगळे साचे छापून काढून, सेवा विभागाच्या जुन्या माणसापुढे लाल पेनसकट ठेवावेत. पडद्यावर दिसत नाही ते कागदावर दिसतं.

राहिलं नवी आवृत्ती घालणं. ओटीआरएसच्या मोठ्या आवृत्त्या ओलांडून उडी मारता येत नाही. चौथीवरून सहावीवर जायचं तर पाचवीवरून जावं लागतं. ज्यांनी पाच-सहा वर्षं काही केलं नाही त्यांचा प्रवास त्यामुळे लांबतो. स्वतःचे बदल मूळ फाइलींमध्ये केले असतील तर ते प्रत्येक पायरीला पुसले जातात. त्यासाठी वेगळी जागा ठेवलेली आहे, तिथेच करावेत.

शहाणा माणूस आधी जुळ्या सर्व्हरवर सराव करतो, आणि घात तिथेच होतो. बॅकअपमधून उभी केलेली नक्कल म्हणजे हुबेहूब मूळ प्रणालीच. तिच्याकडे मेलबॉक्सचा पासवर्डही असतो. ती चालू केल्यावर दहा मिनिटांत ती खऱ्या मेलबॉक्समधले मेल उचलते, पुसते आणि स्वतःच्या पोटात तिकिटं काढते. ज्या प्रणालीपुढे माणसं बसली आहेत तिला काहीच मिळत नाही. वर मुदत संपलेल्या जुन्या तिकिटांचे इशारे खऱ्या व्यवस्थापकांना जातात. म्हणून नक्कल उभी करताना आधी तिचं बाहेरचं जाळं तोडायचं, मग डेटाबेसमधली मेल-खाती बंद करायची, जाणारे मेल एका खोट्या पेटीत वळवायचे, आणि मगच ती सुरू करायची. हा क्रम कागदावर असावा. तो लक्षात आहे म्हणणारा माणूस त्या दिवशी रजेवर असतो.

आणि एक दिवस ही प्रणाली सोडून दुसरी घेतली जाते. सगळी जुनी तिकिटं नव्यात ओतण्याचा मोह आवरावा. उघडी तिकिटं न्यावीत आणि उरलेली जुन्या ठिकाणी फक्त वाचण्यापुरती ठेवावीत. जुना तक्रारीचा पत्ता मात्र चालू ठेवावा लागतो, कारण तो वॉरंटी कार्डावर छापलेला असतो आणि पंपाबरोबर ती कार्डं घराघरांत पोचलेली असतात. कंपनीचं नाव बदललं, डोमेन बदललं, तरी जुन्या डोमेनचं नूतनीकरण थांबवू नये. ते सुटलं आणि भलत्याने विकत घेतलं तर गिऱ्हाइकांच्या तक्रारी, आधारच्या फोटोंसकट, त्याच्या मेलबॉक्समध्ये जातील, आणि त्या पत्त्यावर उघडलेल्या इतर सेवांचे पासवर्ड बदलण्याचे दुवेही.